जखमेवर आधी पाणी, मग पाला



बकरी ईद तोंडावर आली आहे. घरोघरी सुऱ्या आणि सत्तूर माळ्यावरून खाली उतरले असतील, धार लावणाऱ्याच्या गाडीभोवती गर्दी सुरू झाली असेल. आणि दरवर्षीचा अनुभव असा की ईदच्या दुसऱ्या दिवशी मुबारकबाद द्यायला कोणाकडे जावे, तर चार-पाच हातांमागे एका हाताचे बोट चिंधीत गुंडाळलेले असते. चिंधी पिवळी असली तर आत हळद, काळपट असली तर चहाची पूड किंवा तंबाखू. "काही नाही हो, जरासं लागलंय," असे म्हणून तोच हात पुन्हा मटणाच्या परातीत जातो.

म्हणून या महिन्यात या किरकोळ जखमांविषयी आणि आपल्या घरातील त्यांवरच्या झाडपाल्याच्या औषधांविषयी लिहायचे ठरवले. मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. शाळेतील प्रथमोपचाराची पेटी बरीच वर्षे माझ्या ताब्यात आहे. मैदानावर फुटलेले गुडघे, कंपासच्या टोकाने टोचलेले तळहात, दारात चेमटलेली बोटे रोज पाहते. शिवाय उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे एका गंमतीकडे नेहमी लक्ष जाते. मराठीतील 'जखम' हा शब्द फारसी 'ज़ख़्म'वरून आला आणि 'मलम' हे 'मरहम'चेच मराठी रूप. म्हणजे आपण 'मलमपट्टी' म्हणतो तेव्हा हकिमांचा वारसाच बोलत असतो. हा वारसा मोलाचा आहे. पण तो कुठवर उपयोगी पडतो आणि कुठे थांबावे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे. आज तेवढेच सांगायचे आहे.

उहुदच्या मैदानातील क्रम

हिजरी सन ३ मधील, म्हणजे इ.स. ६२५ मधील उहुदच्या लढाईत प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चेहऱ्यावर जखम झाली. सहीह बुखारीत या प्रसंगाची हदीस आहे. हजरत अली (रजि.) आपल्या ढालीत पाणी भरून आणत होते आणि हजरत फातिमा (रजि.) त्या पाण्याने जखम धूत होत्या. रक्त काही थांबेना, तेव्हा चटईचा तुकडा जाळून त्याची राख जखमेत भरली आणि रक्त थांबले.

हा प्रसंग आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. लक्षात मात्र राख राहते आणि पाणी निसटते. रणांगणावर, जिथे पिण्याचे पाणी मिळणे कठीण, तिथेही आधी जखम धुतली गेली. राख आली ती नंतर, आणि तीही रक्त थांबत नव्हते म्हणून. आज रक्त थांबवायला प्रत्येक घरात स्वच्छ सुती कापड आहे, गल्लीच्या कोपऱ्यावर निर्जंतुक गॉज मिळतो. म्हणून आता राखेची गरज उरलेली नाही. पाण्याची गरज मात्र तेवढीच आहे.

आपल्याकडे नेमके उलटे घडते. बोट कापले की पहिली धाव मसाल्याच्या डब्याकडे. माती, मटणाची चरबी, सुरीवरची घाण, सगळे आत तसेच राहते आणि वरून हळदीचे लिंपण होते. त्यामुळे या लेखातील सगळ्यांत महत्त्वाचे वाक्य आधीच सांगून टाकते: जखमेचे पहिले औषध वाहते स्वच्छ पाणी आहे.

नळाखाली किंवा तांब्याने धार धरून जखम चांगली पाच मिनिटे धुवा. सभोवतालच्या त्वचेला साबण लावा. खडा, काच, लाकडाचा कण वर दिसत असेल तर उकळून घेतलेल्या चिमट्याने काढा. मग स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून दहा मिनिटे सलग दाबा आणि हात छातीच्या वर धरा. मधूनमधून कापड उचलून "थांबलं का" असे बघू नका. बघितले की बसलेली गुठळी सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

किरकोळ जखम कोणती?

घरी उपचार करण्याजोगी जखम ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. फक्त वरची कातडी खरचटली किंवा कापली आहे. दहा मिनिटे दाबल्यावर रक्त थांबले आहे. जखमेच्या कडा एकमेकींना लागून आहेत, तोंड उघडे पडलेले नाही. आत काही रुतलेले नाही. आणि बोटाची जखम असेल तर बोट पूर्वीसारखे वाकते, सरळ होते आणि टोकाला स्पर्श कळतो.

ही शेवटची खूण कुर्बानीच्या दिवसांत फार महत्त्वाची. धारदार सुरीची जखम वरून लहानशी दिसते, पण आत स्नायूबंध किंवा नस कापलेली असू शकते. बोट वाकत नसेल किंवा टोक बधिर वाटत असेल तर रक्त थांबले तरी त्याच दिवशी दवाखान्यात जा. टाके घालायचे असतील तर ते पहिल्या काही तासांत घातलेले चांगले. "ईदचे पाहुणे गेले की जाऊ" म्हणत दोन दिवस काढले, तर बोट कायमचे ताठ राहू शकते.

दारातली आणि डब्यातली औषधे

आता आपल्या घरच्या औषधांकडे वळू.

*हळद.* हळदीवरून एक मोठा खटला झाला होता, तो आपल्या मुलांना जरूर सांगावा. १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिले. आपल्या आज्या-पणज्यांना जे ठाऊक होते, त्यावर परक्या संस्थेचा हक्क! भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्याला आव्हान दिले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा परिषदेचे महासंचालक होते. हा उपयोग जुनाच आहे हे दाखवण्यासाठी परिषदेने ३२ संदर्भ सादर केले. त्यांत संस्कृत आणि हिंदीच्या बरोबरीने उर्दू ग्रंथही होते. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभारण्याचे काम सुरू झाले. त्यात आयुर्वेद आणि सिद्ध यांच्यासोबत युनानीचे अरबी, फारसी आणि उर्दू ग्रंथही घेतले गेले. घरात कोणी उर्दूची जुनी हिकमतीची पुस्तके रद्दीत घालत असेल, तर त्याला ही हकिकत ऐकवा.

मात्र या खटल्याचा अर्थ नीट समजून घेऊ. पेटंट रद्द झाले ते 'हा शोध नवा नाही' म्हणून. हळदीने प्रत्येक जखम बरी होते असा निकाल कोणी दिलेला नाही. हळदीतील करक्युमिन सूज कमी करते आणि काही जंतूंची वाढ रोखते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. पण बाजारातील हळदपूड हे निर्जंतुक औषध नाही. त्यात मातीतील जंतूंचे बीजाणू असू शकतात, आणि भेसळ असली तर शिशाचा पिवळा रंगसुद्धा. कोरडी पूड खोल जखमेत भरली की तिचे कण आतच अडकून बसतात. शिवाय पिवळ्या रंगाखाली लाली आणि पू दिसत नाही, म्हणून डॉक्टरांना ती आधी खरवडून काढावी लागते. तेव्हा हळद लावायचीच असेल तर घरी कुटलेली, स्वच्छ डब्यातली, आणि धुतलेल्या वरवरच्या खरचटण्यापुरतीच. फोडणीच्या डब्यातली, ज्यात दिवसभर ओला चमचा जातो, ती नको.

*कंबरमोडी.* हिला कोणी एकदांडी म्हणतात, कोणी दगडीपाला. रस्त्याच्या कडेला, बांधावर, शाळेच्या कुंपणाशी उगवते. लांब सरळ दांडीच्या टोकाला एकच लहान फूल, मध्ये पिवळे, कडेला फिकट पाकळ्या. शेतात राबणाऱ्या माणसाचा विळा लागला की हात पहिल्यांदा याच पाल्याकडे जातो. गंमत अशी की ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली. तिकडून आली आणि आपल्या बांधावर इतकी रुजली की खेड्यापाड्यांत ती घरचीच झाली. उंदरांवर केलेल्या प्रयोगांत हिच्या अर्काने जखम भरायला मदत झाल्याचे दिसले आहे. माणसांवर मात्र मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत.

पाला चोळून त्याचा रस लावण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पद्धतीला. मुले रस्त्याकडेचा पाला तोडतात, तोंडात चावतात आणि थुंकीसकट जखमेवर लावतात. त्या पाल्यावर गाडीची धूळ असते, गुरांनी घाण केलेली असते, आणि तोंडात जंतूंची काही कमी नाही. लावायचाच तर पाला स्वच्छ जागेचा हवा, दोन-तीन पाण्यांत धुतलेला हवा, स्वच्छ खलबत्त्यात कुटलेला हवा, आणि जखम आधी धुतलेली हवी.

*कोरफड.* उर्दूत घीकवार. किरकोळ भाजण्यावर ही बरी. तव्याचा चटका बसला, वाफ लागली, तर आधी वीस मिनिटे साध्या गार पाण्याच्या धारेखाली हात धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, तूपही नको. मग कोरफडीचे पान कापून थोडा वेळ उभे ठेवा, म्हणजे सालीखालचा पिवळा चीक गळून जातो. या चिकाने कातडी चुरचुरते. पान धुवून आतला स्वच्छ गर तेवढा लावा. फोड आला असेल तर फोडू नका. तळहातापेक्षा मोठी जागा भाजली असेल, किंवा चेहरा, सांधा, गुप्तांग भाजले असेल, तर ते किरकोळ नव्हे. पाणी ओतून झाले की थेट दवाखाना.

*मध.* कुरआनात मधमाशीच्या नावाची सूरह आहे, सूरह अन-नह्ल, आणि तिच्यात मधामध्ये लोकांसाठी शिफा असल्याचे सांगितले आहे. आजचे वैद्यकशास्त्र जखमेसंदर्भात मधाचा गांभीर्याने विचार करते. मधात पाणी फार कमी असते, तो आम्लधर्मी असतो, आणि ओलाव्याशी संपर्क आला की त्यातून थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. या तिन्ही गोष्टी जंतूंना मारक आहेत. कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये मधावरील चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. वरवरच्या भाजण्यावर आणि शस्त्रक्रियेनंतर चिघळलेल्या जखमांवर मधाचा फायदा दिसला. इतर बहुतेक जखमांबाबत ठाम निष्कर्ष निघाला नाही.

पण रुग्णालयात वापरतात तो मध निर्जंतुक केलेला असतो. दुकानातील बाटलीची तशी हमी नाही. २०२० मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने बाजारातील अनेक मधांत साखरेच्या पाकाची भेसळ दाखवून दिली होती. पाक लावला तर जंतूंना मेजवानीच! खात्रीचा मध मिळाला तर किरकोळ भाजण्यावर आणि खरचटण्यावर पातळ थर लावून वर गॉज बांधायला हरकत नाही. आणि यानिमित्ताने आठवण: एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये. मधातील एका जंतूच्या बीजाणूंमुळे इतक्या लहान बाळाला जिवावरचा आजार होऊ शकतो.

*मेंदी.* तिरमिजी आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत हजरत सलमा (रजि.) यांची हदीस आहे. प्रेषितांना (स.) जखम झाली किंवा काटा टोचला की त्यावर मेंदी लावली जाई. ही मेंदी म्हणजे झाडाच्या पानांची. ईदच्या आदल्या रात्री बाजारातून येणाऱ्या कोनात काय काय मिसळले आहे, ते वेष्टनावरही पुरते लिहिलेले नसते. झटपट काळा रंग देणाऱ्या मेंदीत केस काळे करण्याचे रसायन असते. त्याने चांगल्या कातडीवरही फोड येतात, मग जखमेचे काय विचारता? कोनातली मेंदी जखमेवर कधीच नको, आणि तान्ह्या बाळाच्या हातापायांना तर पानांचीही नको. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एका घटकाची कमतरता असते आणि मेंदीमुळे त्यांच्या रक्तपेशी फुटू शकतात.

*कडुलिंब आणि तुरटी.* कडुलिंबाची पाने उकळून, गाळून, थंड केलेल्या पाण्याने खरचटलेली जागा धुण्याची रीत चांगली, कारण त्यात पाणी उकळले जाते. कडुलिंबाच्या तेलाची बाटली मात्र मुलांच्या हाती लागू देऊ नका. ते लहान मुलाच्या पोटात गेले तर विषासारखे काम करते. तुरटी, म्हणजे आपली फिटकरी, झाडपाल्यात मोडत नाही. पण दाढी करताना लागलेल्या बारीक कापांवर ती रक्त थांबवते. तेवढाच तिचा उपयोग. आणि ती स्वतःच्या घरची असावी, सलूनमधली सगळ्यांच्या गालांवरून फिरलेली नसावी.

हे लावू नका

चहा-कॉफीची पूड, तंबाखू, मिश्री, चुना, रॉकेल, ग्रीस, कोळ्याचे जाळे, चुलीतील राख, शेण आणि मशिनचे तेल. यांतल्या काही गोष्टींनी रक्त थांबल्यासारखे दिसते, म्हणून त्या चालत आल्या. पण त्यांच्यासोबत आत काय जाते ते दिसत नाही. जंतुनाशक द्रव बाटलीतून थेट जखमेवर ओतू नका. बाटलीवर लिहिले असेल तेवढे पाणी मिसळा. कलौंजीच्या तेलावर आपल्या लोकांची श्रद्धा आहे, पण उघड्या जखमेवर ते लावल्याने काही जणांच्या कातडीवर पुरळ उठते.

जिथे पाल्याचे काम नाही

सातवीच्या वर्गातील एका मुलीने मला विचारले होते, "टीचर, दादीने हळद लावली होती, मग इंजेक्शन कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असे की हळद जखमेच्या तोंडाशी असते आणि धनुर्वाताचे जंतू आत खोलवर, जिथे हवा पोहोचत नाही तिथे वाढतात.

धनुर्वाताचे बीजाणू मातीत आणि जनावरांच्या विष्ठेत असतात. लोक समजतात की गंजाने धनुर्वात होतो. खरे तर गंजलेला खिळा मातीत पडलेला असतो म्हणून तो धोक्याचा. चकचकीत सुरीसुद्धा जनावराच्या आतड्याला आणि जमिनीला लागली असेल तर तितकीच धोक्याची. हे जंतू विष तयार करतात. साधारण तीन ते एकवीस दिवसांत जबडा आखडतो, गिळता येत नाही, अंग धनुष्यासारखे ताणले जाते. चांगल्या रुग्णालयातही यात माणसे दगावतात. आणि एकदा धनुर्वात होऊन बरा झालेल्या माणसालाही लस घ्यावीच लागते, कारण या आजाराने शरीरात प्रतिकारशक्ती तयार होत नाही.

आता आपल्या घराचा हिशेब मांडा. बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना लस मिळते. पुढे दीड वर्षाच्या सुमारास, मग पाच-सहा वर्षांना, आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी टीडीची सुई असते. मुली पुढे आई होतात तेव्हा गरोदरपणात त्यांना पुन्हा मिळते. मुलगे मात्र सोळाव्या वर्षानंतर या यादीतून निसटतात. घरातील चाळीस-पन्नास वर्षांच्या पुरुषांना विचारा, शेवटची सुई कधी घेतली? बहुतेकांना आठवणार नाही. आणि कुर्बानीच्या दिवशी सुरी याच हातांत असते. म्हणून भगिनींनो, ईदच्या कपड्यांइतकीच याची आठवण करा. दर दहा वर्षांनी एक मात्रा घ्यावी. जखम माती-शेणाने माखलेली किंवा खोल असेल आणि शेवटच्या मात्रेला पाच वर्षे उलटली असतील, तर लगेच डॉक्टरांना विचारावे. ही सुई प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळते.

दुसरा विषय मधुमेहाचा. आमच्या ओळखीच्या एका खालांच्या तळपायाला काटा लागला. साखर जुनी, पाय बधिर, त्यामुळे दुखले नाही. सुनेने प्रेमाने कांदा-हळदीचे पोटीस गरम करून बांधले. पोटीस किती गरम आहे ते खालांना कळलेच नाही आणि काट्याच्या जखमेभोवती भाजले. तीन आठवडे पाले बदलत राहिले, मग पायाचे बोट काढावे लागले. सुनेची माया कमी नव्हती, औषधही पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. चुकला तो फक्त रोगी कोण आहे याचा विचार. साखर असलेल्या माणसाच्या पायावरची कुठलीही जखम किरकोळ समजू नये. पोटीस, शेक, पाला काही नको. त्याच दिवशी दवाखाना. अशा बुजुर्गांचे तळवे रोज रात्री घरातल्या कोणीतरी पाहावेत. नातवंडांना हे काम द्या, सवाबही मिळेल आणि दादीचा पायही वाचेल.

तिसरे, कुत्रा, मांजर किंवा माकड चावले तर हळद, मिरची, चुना काहीही चोळू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठा. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, आणि वेळेवर सर्व मात्रा घेतल्या तर तो आजार टळतो. उतारा करणारे, मंतरलेला दोरा बांधणारे यांच्या दारात घालवलेला दिवस परत मिळत नाही.

चौथे, तान्ह्या बाळाची नाळ. हीदेखील एक उघडी जखमच आहे. तिला हळद, तेल, राख, काजळ काही लावू नये. कोरडी आणि स्वच्छ ठेवावी, आपोआप गळून पडते. पूर्वी अशा लेपांतून बाळांना धनुर्वात होई आणि ती आठवड्याभरातच जात. गरोदर मातांचे लसीकरण, स्वच्छ बाळंतपण आणि नाळेची स्वच्छता यांमुळे २०१५ मध्ये भारतातून माता-बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. हे यश घरातल्या एखाद्या जुन्या डबीमुळे घालवू नका.

आणि कोणतीही जखम असो, दोन दिवसांनंतर दुखणे वाढले, लाली पसरू लागली, पू आला, ताप आला, काखेत किंवा जांघेत अवधाण आले, तर घरचे उपचार तिथेच थांबवा. युनानीवर विश्वास असेल तर जरूर हकिमांकडे जा, पण बी.यू.एम.एस. झालेल्या, नोंदणी असलेल्या. तेही अशा वेळी तुम्हाला रुग्णालयातच पाठवतील.

वुजूचे काय?

हा प्रश्न पत्रांतून वारंवार येतो. डॉक्टरांनी जखम ओली करू नका असे सांगितले तर वुजू कसा करावा? या संकोचापोटी कित्येक जण टाक्यांवरची पट्टी दिवसातून पाच वेळा सोडतात, किंवा पट्टीच बांधून घेत नाहीत. दोन्हींनी जखम चिघळते. आपल्या दीनमध्ये आजाऱ्यासाठी सवलत आहे. बाकीचे अवयव धुवून पट्टीवरून ओला हात फिरवण्याची, म्हणजे मसह करण्याची मुभा फिकहच्या ग्रंथांत दिलेली आहे, आणि पाणी अजिबात चालत नसेल तर तयम्मुम आहे. तुमच्या बाबतीत काय लागू होते ते मोहल्ल्यातील आलिमांना विचारा. पट्टी मात्र डॉक्टर सांगतील तेव्हाच सोडा.

ईदच्या आधी एवढे करा

एक डबा घ्या. त्यात निर्जंतुक गॉजची पाकिटे, पट्टीची गुंडाळी, चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीनचे मलम, साबणाची नवी वडी, कात्री, चिमटा आणि रबरी हातमोजे ठेवा. डब्यावर जवळच्या दवाखान्याचा फोन आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा. घरातील प्रत्येकाची टीडीची तारीख झाकणाच्या आत चिकटवा.

सुऱ्यांना धार चांगली असू द्या. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि ती निसटते. सुरी साबणाच्या पाण्याच्या टबात बुडवून ठेवू नका, फेसाखाली ती दिसत नाही आणि भांडी घासणाऱ्या बाईचा हात कापतो. पायांत चप्पल असू द्या. हाडांचे कण उडतात, लहान मुलांना सत्तूरपासून लांब बसवा. बोट कापले तर काम थांबवा, दुसऱ्याच्या हाती सुरी द्या. धुवून, बांधून, वर हातमोजा चढवल्याशिवाय तो हात पुन्हा मटणात घालू नका. त्यात तुमचे भले आहे आणि ज्यांच्या घरी हिस्सा जाणार आहे त्यांचेही.

दादी-नानींच्या बटव्याचा मान ठेवूया. त्यांच्या काळात दवाखाना दोन दिवसांच्या वाटेवर होता आणि बांधावरचा पाला हाताशी होता. त्यांनी हाताशी असलेल्या चांगल्यात चांगल्या गोष्टीने लेकराची जखम बांधली. आज आपल्या हाताशी नळाचे पाणी, साबण आणि लस आहे. त्यांच्या जागी आपण असतो तर त्यांनीही आधी हेच वापरले असते.

सर्वांना ईदच्या आगाऊ शुभेच्छा. अल्लाह आपल्या सगळ्यांच्या कुर्बानी कबूल करो आणि सगळ्यांचे हात सलामत ठेवो. आमीन.